पिस्तुलाचा निळा रंग कुठून येतो?

प्रश्न : गंजलेली जुनी पिस्तुलं सुटी करून, घासूनपुसून, कसल्याशा उकळत्या काळ्या पाण्यात बुडवून नवीकोरी करण्याचे व्हिडिओ पाहायचा मला नाद लागला आहे. त्यात अमेरिकेचं ‘१९११’ हे पिस्तूल तर हटकून असतं. नुसत्या रंगकामासाठी अख्खं पिस्तूल का सुटं करतात? तो काळानिळा रंग नेमका कसला? आणि इतकं देखणं काम होऊनही जाणकार ‘वाटोळं केलं’ म्हणून का हळहळतात? आमच्या काकांकडे परवान्याचं एक जुनं .३२ बोअरचं पिस्तूल आहे, म्हणून कुतूहल जरा जास्तच.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा मधला प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या दोन्हींची किल्ली त्यातच आहे. तो रंग नव्हेच. तो गंज आहे.

लोखंडाचा आपल्या ओळखीचा गंज तांबडा असतो. तो फुगतो, पापुद्रे सोडतो, ओल धरून ठेवतो आणि आतलं पोलाद खात जातो. लोखंड आणि ऑक्सिजन यांचंच दुसरं संयुग म्हणजे मॅग्नेटाइट. ते काळं असतं आणि धातूला घट्ट बिलगून बसतं. पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम या काळ्या संयुगाचा थर आणायचा, यालाच ब्लुइंग म्हणतात. हा थर जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. उजेडात त्यावर निळसर झाक दिसते. तो स्वतः गंजापासून फारसं वाचवत नाही. त्याचा खरा उपयोग तेल धरून ठेवण्याचा. म्हणून वर्षानुवर्षं कोरडं पडून राहिलेलं पिस्तूल ब्लुइंग असूनही तांबडं पडतं.

ब्लुइंगच्या दोन पद्धती मुख्य. जुनी पद्धत सावकाशीची. स्वच्छ केलेल्या पोलादाला सौम्य आम्लाचं द्रावण लावायचं, दमट हवेत ठेवून तांबडा गंज चढू द्यायचा आणि मग तो भाग शुद्ध पाण्यात उकळायचा. उकळत्या पाण्यात तांबड्याचा काळा होतो. वरची सैल भुकटी बारीक तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या की खोल, मऊसर काळा रंग येतो. दुसरी पद्धत कारखान्याची, व्हिडिओत दिसणारी. कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेट यांचं दाट द्रावण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास खदखदत ठेवायचं आणि भाग त्यात बुडवायचे. अर्ध्या तासात काम होतं. अंगावर एक थेंब उडाला तर कातडी सोलून निघते, हे मात्र व्हिडिओत दिसत नाही.

आता पिस्तूल सुटं का करतात ते आपोआप कळेल. कॉस्टिकच्या त्या कढईत मुठीचं लाकूड टिकत नाही आणि ॲल्युमिनियम तर विरघळूनच जातं. खाचाखोचांत तेल राहिलं तर तिथे डाग पडतो. पिनेच्या भोकात क्षार अडकले तर काही आठवड्यांनी ते पांढरे होऊन बाहेर झिरपतात आणि आतून गंज धरतात. म्हणून शेवटची पिनसुद्धा बाहेर काढावी लागते.

‘१९११’ या कामाला सोयीचं आहे. त्याचा आराखडा जॉन ब्राउनिंगचा. अमेरिकी सैन्याने ते मार्च १९११ मध्ये स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत तेच सैन्याचं अधिकृत पिस्तूल होतं. ब्राउनिंग हे नाव आपल्याकडेही जुनंच आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातूनच. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक होतं. असो.

सैनिकाला खंदकात हत्यारांची पेटी मिळणार नाही, हे धरूनच ‘१९११’ बनवलेलं आहे. रोजच्या सफाईपुरतं ते नुसत्या हातांनी सुटं होतं. आधी मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानेही चाचपायचं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, या समजुतीने आजवर पुष्कळ जीव घेतले आहेत. मग नळीच्या तोंडाखालची गोल टोपी अंगठ्याने दाबून धरायची आणि नळीभोवतीचा बुश फिरवायचा. या टोपीमागे लांबलचक स्प्रिंग दबलेली असते. अंगठा निसटला तर टोपी थेट छताला जाते, नाहीतर डोळ्यात. पुढे स्लाइडची खाच जुळवून डाव्या बाजूचा खटका त्याच्या पिनेसकट बाहेर काढला की स्लाइड आणि नळी पुढून निघून येतात.

खरी गंमत जोडताना. तो खटका परत बसवताना त्याला एक स्प्रिंगवरची बारीक खुंटी ओलांडावी लागते. घाई करणारा माणूस तो तिरका रेटतो आणि फ्रेमवर अर्धवर्तुळाकार ओरखडा उमटतो. जुन्या ‘१९११’ पिस्तुलांपैकी कितीतरींच्या डाव्या गालावर हा ओरखडा असतो, आणि नुकतंच ब्लुइंग केलेल्या फ्रेमवर तो पडला की सगळ्या मेहनतीवर पाणी.

इथवर सगळं परत जुळवता येतं. त्यापुढे घोडा आणि त्याला अडवून धरणारा सिअर येतो. या दोघांची पकड मिलिमीटरभरही नसते आणि तिचे कोन ठरलेले असतात. हौशी माणूस चकचकीतपणाच्या नादात तीही बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरतो. कडा गोल झाल्या की घोडा आपोआप सुटू शकतो. एकदा चाप ओढून दोन-तीन गोळ्याही जाऊ शकतात. स्प्रिंगचं वेगळंच दुखणं आहे. गंज काढायला त्या आम्लात टाकल्या तर कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, ते ठिसूळ होतं आणि पुढे कधीतरी मोडतं. म्हणून जाणता कारागीर पकडीच्या जागांना हात लावत नाही आणि शंका आली तर स्प्रिंग सरळ नवी घालतो.

आता हळहळीचं कारण. ब्लुइंगचा थर इतका पातळ, की खालचं पोलाद जसं असेल तसंच तो दाखवतो. गंजाने पाडलेले खड्डे तो बुजवत नाही. खड्डे घालवायचे तर त्यांच्या तळापर्यंतचं आजूबाजूचं सगळं पोलाद घासून खाली आणावं लागतं. एकदा बफचं चाक फिरायला लागलं की आधी सपाट बाजूंच्या धारदार कडा गोल होतात. मग स्क्रूच्या आणि पिनांच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. मग कोरलेली अक्षरं उथळ होत जातात. कारखान्याचं नाव, पेटंटच्या तारखा, तपासनिसाचा बारीकसा शिक्का. जुनं पिस्तूल नव्याने ‘रंगवलं’ आहे का हे ओळखायला जाणकार रंग पाहतच नाही. तो पिस्तूल तिरक्या उजेडात धरतो आणि अक्षरांच्या कडा पाहतो. कारखान्यात छाप मारताना अक्षराभोवती पोलाद किंचित वर उचललं गेलेलं असतं. घासलेल्या पिस्तुलावर तो उंचवटा नाहीसा झालेला असतो, आणि तो परत आणता येत नाही.

किंमत तिथेच कोसळते. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीने १९४१ मध्ये अमेरिकी सरकारला चाचणीदाखल ‘१९११ए१’ म्हणजे ‘१९११’च्या सुधारित आवृत्तीची ५०० पिस्तुलं करून दिली होती. त्यांतल्या उत्तम स्थितीतल्या एका पिस्तुलाला लिलावात चार लाख डॉलरहून अधिक किंमत आली. तसंच एखादं हौसेने चकाचक केलं, तर घेणारा त्यातला मोठा भाग कापूनच बोली लावेल. जुन्या नाण्याला चिंच लावून चमकवणाऱ्याची जी फसगत होते, तीच ही.

याला अपवाद आहेत. अमेरिकी सैन्याच्या शस्त्रागारांनी स्वतःच हजारो जुनी ‘१९११’ सुटी करून, भागांची सरमिसळ करून, वर करडा फॉस्फेटचा थर चढवून पुन्हा वापरात आणली. तो थर आता त्या पिस्तुलांच्या इतिहासाचाच भाग मानला जातो. आणि ज्याची मूळ झळाळी आधीच कुणीतरी उतरवलेली आहे, खड्डे पडलेले आहेत, संग्राहकाला ज्यात काडीचा रस नाही, असं साधं पिस्तूल कुशल हातांनी पुन्हा काळं करायला माझी मुळीच हरकत नाही. ते काम पाहायला सुंदरच असतं.

राहिलं काकांचं पिस्तूल. ते घरी उघडून बसू नका. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यालाही स्वतंत्र परवाना लागतो. ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी तो चालत नाही. त्याच कायद्याचं आठवं कलम शस्त्रावरचं नाव, क्रमांक किंवा ओळखखूण पुसायला, काढायला, बदलायला मनाई करतं. बफच्या चाकाखाली नंबर पुसट झाला, तर तो पॉलिश करताना गेला हे पटवून देण्याची वेळ काकांवरच येईल.

तांबडा गंज वरवरचा असेल तर तेल आणि अगदी बारीक स्टील वूल हलक्या हाताने फिरवून तो निघतो आणि खालचं जुनं ब्लुइंग बरंचसं वाचतं. तेव्हा काकांना सांगा, परवाना बरोबर घेऊन परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जा, तेवढंच काम करून मागा, आणि त्याने पिस्तूल हातात घेतल्याबरोबर आधी त्यावरचा नंबर दोघं मिळून वाचून घ्या.