विक्रीच्या वर्गातले चार धडे



गेल्या वर्षी मी एका महाविद्यालयात विक्रीकलेचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम केला. ईश्वरविज्ञान शिकलेल्या कार्यकर्तीला हे कशाला, असे काहींनी विचारले. कारण साधे आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर आपल्या आदिवासी भगिनी नागली पिकवतात, पण तिचा भाव दुसराच कोणी ठरवतो. नीतिसूत्रे २०:१४ मधले गिऱ्हाईक आठवा. घेताना ते मालाला नावे ठेवते आणि घेऊन गेल्यावर फुशारकी मारते. आठवडे बाजारात ते आजही भेटते.

१. आधी विचारा, मग बोला. चांगला विक्रेता मालाचे गुण गाण्यापूर्वी समोरच्याची गरज विचारतो. शहरातल्या घरी नागली हवी असते, पण निवडायला आणि दळायला वेळ नसतो. म्हणजे तिथे पीठ न्यायला हवे. योहान ४ मध्ये प्रभूनेही शोमरोनी स्त्रीशी बोलणे सुरू केले ते पाणी मागून, उपदेशाने नव्हे.

२. उपयोग सांगा, पण खरा. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. ही झाली माहिती. ‘मुलांच्या हाडांसाठी सकाळी आंबील द्या’ हा झाला उपयोग. ‘याने मधुमेह बरा होतो’ असे मात्र कधीच सांगायचे नाही. लेवीय १९:३५-३६ मधला खऱ्या मापांचा नियम शब्दांनाही लागू आहे.

३. ‘महाग आहे’ हा नकार नसतो, प्रश्न असतो. त्याचे उत्तर हिशेबाने द्यावे. जूनमध्ये रोप, जुलैत लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग झोडणी, पाखडणी, दळण, भाडे. प्रत्येक कामाची मजुरी वहीत लिहिली, की कोणत्या भावाखाली जायचे नाही हे त्या बाईला स्वतःलाच कळते. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करावा, हे लूक १४:२८ मध्ये प्रभूने सांगितलेच आहे.

४. खरी विक्री दुसऱ्यांदा होते. नाताळच्या स्टॉलवर ‘बिचाऱ्या बायका’ म्हणून आपण एक पुडा घेतो, आणि तो कपाटात राहतो. दया एकदाच विकत घेते. पुन्हा यायला लावते ती चव. शिवाय दयेपोटी दिलेल्या पैशात मालाची किंमत होत नाही आणि कष्टांचा मानही राहत नाही. फिलिप्पैमध्ये पौलाला घरी ठेवून घेणारी लुदिया जांभळी वस्त्रे विकणारी होती. पवित्र शास्त्र तिच्या धंद्याचा उल्लेख लपवत नाही. आपणही भगिनींकडे मदत घेणाऱ्या म्हणून नव्हे, व्यापार करणाऱ्या म्हणून पाहू या.

म्हणून एक विनंती. नागली घ्या ती घरात लागते म्हणून, आणि दर महिन्याला घ्या. पिठात खडा लागला तर गप्प बसू नका, कळवा. तुमच्या तक्रारीने माल सुधारेल. नुसत्या कौतुकाने सुधारणार नाही.

मंडळीत चर्चेसाठी :
• आपण घासाघीस कोणाशी करतो आणि कोणाशी करत नाही?
• देणगी आणि रास्त भाव यांत फरक काय?
• आपल्या घरची कोणती गरज एखाद्या आदिवासी भगिनीच्या मालाने भागेल?

प्रभू त्यांच्या हातांच्या कामाला यश देवो. आमेन.