वर्गातील संगणक : बडोद्याच्या शाळांचा धडा

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत आले पाहिजे, हा त्या निर्णयामागील आग्रह होता. त्याच बडोदे शहरातील महानगरपालिकेच्या शाळांत सुमारे शंभर वर्षांनंतर आणखी एक महत्त्वाचा प्रयोग झाला. शाळेत आलेल्या मुलाला प्रत्यक्षात काय येते, हा आता प्रश्न होता आणि त्याच्या सोडवणुकीसाठी संगणकाचे साहाय्य घेण्यात आले होते. शाळांना संगणक पुरविणारे अधिकारी, तो वापरणारे शिक्षक आणि शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणारे पंचायत सदस्य या सर्वांनाच त्या प्रयोगाची माहिती उपयुक्त ठरावी.

यंत्र आले, वापर नव्हता

गुजरात शासनाने २००० मध्ये बडोदे शहरातील १०० महानगरपालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेने जून २००२ मध्ये त्यांची पाहणी केली. प्राथमिक वर्गांतील मुलांसाठी त्यांपैकी फारच थोड्या संगणकांचा उपयोग होत असल्याचे तीत दिसून आले. साधन पुरविणे आणि त्याचा उपयोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याची ही पहिली जाणीव होती.

मुलांची स्थितीही चिंताजनक होती. तिसरीच्या वर्गात बसणाऱ्या पाच मुलांपैकी जेमतेम एकाला पहिलीच्या पातळीचे गणित येत होते. पाठ्यपुस्तक पुढे सरकत होते, पण मूल मागेच राहत होते. एकाच वर्गात अशा निरनिराळ्या पातळ्यांची मुले असताना एकट्या शिक्षकाने प्रत्येकाला त्याच्या पायरीवरून शिकवावे, ही अपेक्षा सोपी नाही.

आठवड्याला दोन तास

या अडचणीवर उपाय म्हणून चौथीच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तासांचा संगणक-सराव ठरविण्यात आला. त्यांतील एक तास शाळेच्या वेळेत आणि दुसरा शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यानंतर असे. एका संगणकापुढे दोन मुले बसत. गणिताचे खेळ अशा रीतीने रचलेले होते की, मुलाला जमेल तसतशी उदाहरणे अवघड होत जावीत. स्थानिक तरुणांना पाच दिवसांचे प्रशिक्षण देऊन मार्गदर्शक नेमले होते. ते फळ्यावर गणित शिकवीत नसत. योग्य पातळीचा खेळ निवडण्यास आणि उदाहरण समजून घेण्यास ते मुलांना मदत करीत.

या कार्यक्रमाची तपासणीही काटेकोर होती. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे शाळांची निवड करून, कार्यक्रम असलेल्या आणि नसलेल्या शाळांतील मुलांच्या गुणांची तुलना केली. बॅनर्जी व डुफ्लो हे २०१९ च्या अर्थशास्त्रातील नोबेल पुरस्काराचे मानकरी होत.

गुणांत पडलेला फरक

कार्यक्रम नसलेल्या शाळांतील १०० मुले गणिताच्या गुणांनुसार ओळीने उभी केली, तर मधल्या मुलाच्या मागे ५० मुले असतील. संगणक-सराव मिळालेले तसेच मधले मूल पहिल्या वर्षाअखेर याच ओळीत सुमारे ६४ मुलांच्या पुढे गेले. दुसऱ्या वर्षी हा आकडा सुमारे ६८ झाला. भाषेच्या गुणांत मात्र वाढ दिसली नाही. सराव गणिताचा होता, त्यामुळे प्रगतीही गणितातच झाली.

कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा ही आघाडी बरीच ओसरली होती. मधले मूल आता सुमारे ५४ मुलांच्याच पुढे होते. सराव थांबला की लाभही ओसरतो, हे नियोजन करणाऱ्यांनी विसरता कामा नये.

खर्चाचा हिशेब

संगणक पाच वर्षे चालेल असे गृहीत धरून, त्याच्या किमतीसह या कार्यक्रमाचा खर्च त्या वेळच्या दराने दर मुलामागे वर्षाला सुमारे ७२२ रुपये आला. त्याच काळात मुंबई व बडोदे येथे 'बालसखी' हा दुसरा कार्यक्रम चालू होता. वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुणी वर्गात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे शिकवी. तिचा खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे १०७ रुपये होता. गणित व भाषा मिळून दुसऱ्या वर्षाअखेर या वर्गांतील मधले मूल सुमारे ६१ मुलांच्या पुढे गेले. जवळजवळ सातव्या हिश्शाच्या खर्चात झालेली ही प्रगती नजरेआड करण्याजोगी नाही. जेथे निधी तोकडा आहे, तेथे यंत्र घ्यावे की माणूस नेमावा, याचा निर्णय हिशेब मांडूनच करावा लागेल.

जादा तास की बदली तास

गुजरातमधीलच 'ज्ञानशाला' संस्थेच्या वर्गांवरील अभ्यास २००८ मध्ये पुढे आला. तेथे शिकवण्याचा मूळचा तास काढून संगणकाला दिला, तेव्हा मुले पूर्वीपेक्षा कमी शिकली. शाळेनंतरचा जादा तास दिला, तेव्हा मात्र त्यांची प्रगती झाली. चांगल्या अध्यापनाची जागा संगणकाने घ्यावयाची नसून, त्याला पूरक व्हावयाचे असते, हाच याचा अर्थ.

साधी वजाबाकी पाहिली तरी हे ध्यानात येते. ५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ असे उत्तर लिहिते. सरावाचा खेळ उत्तर चुकल्याचे तत्काळ सांगतो, रागावत नाही आणि पुन्हा संधी देतो. हा त्याचा मोठा गुण होय. परंतु दोनातून सात जात नाहीत म्हणून मुलाने सातातून दोन वजा केले, त्याला दशक सुटा करणे समजलेलेच नाही, हे मुलाच्या शेजारी बसून पाहणाऱ्या शिक्षकाला कळते. त्याने काड्यांचा एक गठ्ठा सोडून दाखविला की मुलाचा घोटाळा दूर होतो. त्यानंतर संगणकावरील सराव सार्थकी लागतो.

शाळेने काय पाहावे

या अनुभवावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. संगणकाचा तास वेळापत्रकात नेमून द्यावा आणि तो शक्यतो जादा असावा. प्रत्येक मुलाची पातळी आधी तपासून त्याप्रमाणे सराव द्यावा. एका यंत्रापुढे दोनांहून अधिक मुले बसवू नयेत आणि दोघांनाही आळीपाळीने हाताळू द्यावे. प्रत्येक मूल कोणत्या उदाहरणाशी अडले, याची नोंद शिक्षकाने ठेवावी आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ त्या नोंदीवरून आखावा.

शाळेला भेट देणारे अधिकारी व पंचायत सदस्य सामान्यतः संगणक किती आहेत, हे विचारतात. त्याबरोबरच ही नोंदवही मागावी. जूनमध्ये दशकाची वजाबाकी न येणाऱ्या किती मुलांना ती दिवाळीपर्यंत येऊ लागली, याचे उत्तर त्या वहीत असेल, तर शाळेतील संगणकावर झालेला खर्च योग्य कारणी लागला असे खुशाल समजावे.