नागपूरच्या फोनची वाट पाहताना



तुझ्या मित्राचं नाव किडनीसाठी नागपूरच्या प्रतीक्षायादीत लागलं आणि तुम्ही पोरं वर्गणीला निघणार आहात, हे वाचून समाधान वाटलं. पण पावतीपुस्तकं छापायला टाकण्याआधी आत्याचं थोडं ऐक.

हे दुखणं एका ऑपरेशनचं नाही. यादीतला नंबर लागेपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, दर वेळी चार-चार तास. किडनी बसली तरी शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी जन्मभर गोळ्या. पहिल्या महिन्यात सारं गाव धावतं. दुसऱ्या वर्षी त्याची आई औषधाच्या दुकानासमोर एकटी उभी असते. तुम्हाला उभं राहायचं असेल तर त्या दुसऱ्या वर्षासाठी उभं राहा.

म्हणून आधी हक्काचं ते पदरात पाडून घ्या. आज महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणतात ती २०१२ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं गडचिरोली होतं. २०२३ च्या निर्णयाने तिच्यातली किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. डायलिसिसच्या रुग्णाला एसटीत मोफत प्रवास आहे. वडशाहून रेल्वेने गेलात तर स्लीपरच्या भाड्यात पाऊणपट सूट, सोबत्यालाही. यातलं काहीच आपोआप घरी येत नाही. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, यामागे तहसीलच्या खेपा घालायचं बळ त्या घरात उरलेलं नाही. तुमच्यातला एक जण फक्त कागदांना लावून द्या. पाचशे घरं फिरून जे जमणार नाही ते हा एक पोरगा जमवील.

वर्गणी हवीच, पण योजनेत न बसणाऱ्या गोष्टींसाठी: तपासण्या, ऑपरेशननंतर रुग्णालयाजवळ राहायची खोली, पुढची औषधं, बुडालेली मजुरी. तेंदूपत्त्याचे पैसे हाती येतात तेव्हा लोकांकडे जा, ऐन रोवणीच्या उधारीत जाऊ नका. दिवाळीनंतर वडशाच्या एखाद्या नाटक कंपनीचा प्रयोग गावात लावा. आपल्या झाडीपट्टीत माणूस तिकीट काढून रात्रभर नाटक बघतो. ते पैसे द्यायला त्याचा हात अडखळत नाही. जमलेली रक्कम कोणा एकाच्या खिशात नको. तिघांच्या नावे बँकेत खातं काढा आणि दर महिन्याला हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचा. मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. तुमच्या गावातही हा विषय तसाच सगळ्यांना बसवून ठरवा. आणि नळ्या लावलेला तुझ्या मित्राचा फोटो मोबाइलवर फिरवू नका. तो उद्या बरा होऊन याच गावात राहणार आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. नागपूरचा फोन रात्री दोनलाही येऊ शकतो. काढलेली किडनी थंड ठेवून जेमतेम एक-दीड दिवस टिकते, आणि जितकी लवकर बसेल तितकी चांगली. गाडी कोणाची, चालक कोण, सोबत कोण, याची पाळी आजच लावा. फोनची रेंज जिथे मिळते तिथल्या एका घराचाही नंबर रुग्णालयात देऊन ठेवा. पावसाळ्यात गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं की वैनगंगा काय करते हे ऑगस्ट २०२० मध्ये ब्रह्मपुरीने पाहिलं आहे. ब्रह्मपुरीकडचा रस्ता बंद असेल तर अर्जुनी-मोरगाव, साकोलीवरून जायचं, हे चालकाला आधीच माहीत हवं. एका किडनीसाठी अनेकदा एकाहून जास्त रुग्णांना बोलावतात. रक्ताची जुळणी झाली नाही तर रिकाम्या हाताने परतावं लागतं. तसं झालं तर त्या रात्री त्याच्याजवळ बसायला कोणीतरी असू द्या.

एक गोष्ट मी तुला बजावून सांगते. ‘घरातली कोणी का देत नाही’ ही चर्चा पारावर होऊ देऊ नका. आईवडील, भावंडं, नवराबायको, मुलं, आजीआजोबा, नातवंडं यांना कायद्याने देता येते. पण आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, आणि त्यातल्या किती जणींनी मनापासून दिली हे गावाला कळत नसतं. देणाऱ्याला शेवटच्या क्षणीही नाही म्हणता येतं. तुझ्या मित्राच्या बहिणीवर कोणी शब्दाने जरी दबाव आणला, तरी तिची बाजू तू घे. तिने आपणहून दिलीच, तर तिच्याही शेतातली रोवणी गावाने करून द्यायची.

पैशाने किडनी मिळवून देतो म्हणणारा कोणी आला तर त्याला उंबऱ्याबाहेर ठेवा. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली. अवयवांच्या व्यापाराला दहा वर्षांपर्यंत कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. आपल्या शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्यात सावकारी कर्जापायी एका शेतकऱ्याने किडनी विकल्याची बातमी तू वाचली असशील. एका गरिबाचा पोरगा वाचवायला दुसऱ्या गरिबाचं पोट चिरायचं, यात आपल्या गावाचा एक रुपयाही जाता कामा नये.

अवयवदानाचे अर्ज भरून घ्यायचं तुझ्या मनात आहे, ते जरूर कर. मात्र लोकांना खरं सांग. त्या अर्जांनी तुझ्या मित्राला किडनी मिळणार नाही. मेंदूमृत दात्याची किडनी नोंदणी असलेल्या रुग्णालयातच काढता येते आणि ती यादीप्रमाणे जाते. घरी मरण आलं तर डोळे देता येतात, तेही सहा तासांच्या आत. तरीही अर्ज भरा, कारण त्या यादीत कोणाचा ना कोणाचा मुलगा आहेच. आणि भरल्यावर घरच्यांना तोंडाने सांगून ठेवा. वेळ येईल तेव्हा संमती त्यांनाच विचारली जाते.

तुझी आत्या