डोंगराची दोन रूपे

डोंगर जागचा हलत नाही. परंतु ऋतू पालटला की त्याचे रूप पालटते. उत्तराखंडातील औली हे याचे उत्तम उदाहरण होय. जोशीमठाच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर हे ठिकाण वसले आहे. हिवाळ्यात तेथील उतार बर्फाने झाकून जातात, आणि पायांना लांब, चपट्या पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा स्कीचा खेळ तेथे रंगतो. उन्हाळ्यात बर्फ वितळते. मग त्याच उतारांवर हिरवे गवत उगवते, रानफुले डोलू लागतात आणि प्रवासी वृक्षांच्या सावलीतून वरच्या गोरसोन बुग्यालाकडे पायी निघतात. बुग्याल म्हणजे हिमालयातील उंचावरचे कुरण.

नांदेड-लातूरच्या मुलांना असा पालट पाहण्यासाठी हिमालयापर्यंत जावयास नको. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूर आहे. रेणुकामाता, दत्तात्रेय आणि अनसूया यांची मंदिरे तेथे वेगवेगळ्या शिखरांवर आहेत. जवळच्या डोंगरावर माहूरचा जुना किल्ला उभा आहे आणि परिसरातून पैनगंगा वाहते. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक म्हणून येथे यात्रेकरूंची सदैव ये-जा असते.

पावसाळ्यात माहूरचे डोंगर हिरवेगार असतात. झाडी इतकी दाट होते की, चार पावलांपलीकडचे दिसत नाही. उन्हाळ्यात मात्र सागाची पाने गळून पडतात. पर्णहीन फांद्यांतून किल्ल्याची तटबंदी, काळे खडक आणि कोरडे ओढे स्पष्ट दिसू लागतात. हिरव्या वस्त्राखाली झाकलेली डोंगराची ठेवणच जणू उघडी होते. पळस केशरी फुलांनी बहरतो. पहाटे मोहाची फुले टपटप गळतात आणि आदिवासी स्त्रिया ती टोपल्यांत वेचून घेतात. पुढे चारोळी पिकते, तेंदूपाने तोडण्याचा हंगाम येतो. अनेक कुटुंबांचा उन्हाळा या रानावरच चालतो.

अशा दिवसांत डोंगर चढणाऱ्याने काही नियम पाळले पाहिजेत. येथे पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणून सूर्योदयापूर्वी निघावे आणि ऊन तापण्याआधी खाली यावे. डोक्याला रुमाल बांधावा, जवळ भरपूर पाणी ठेवावे, सोबत जाणते माणूस असावे. वाट सोडून एकट्याने भटकू नये.

याहूनही मोठा नियम अग्नीविषयी आहे. वाळलेल्या पानांचा थर जमिनीवर पसरलेला असतो. त्यावर पडलेली एक पेटती विडी किंवा न विझवलेली चूल सारे रान पेटवू शकते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा महाराष्ट्रातील वणव्यांचा काळ मानला जातो. तत्पूर्वी वनखाते जाळरेषा तयार करते. म्हणजे जमिनीचे पट्टे पालापाचोळ्यापासून मोकळे करून ठेवते. त्यामुळे आगीला पुढे सरकण्यास इंधन मिळत नाही. वणव्यात मोठे झाड कदाचित तगते. परंतु कोवळी रोपे आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जळून जातात. उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते. जी माती साठण्यास शेकडो वर्षे लागली, ती एका रात्रीत नाहीशी होते.

औलीच्या कुरणांचीही गोष्ट निराळी नाही. तेथील कोवळे गवत माणसांच्या मुक्कामाने तुडवले जाते, कचरा साठतो. म्हणूनच २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास बंदी घातली. बर्फाचा डोंगर असो वा सागाचा, वरून कितीही कणखर दिसला तरी त्याची त्वचा नाजूकच असते.

डोंगर चढून जाणाऱ्याचा पराक्रम लोक पाहतात. पण जो खाली उतरल्यावर मागे पाऊलखुणांखेरीज काहीही ठेवत नाही, तोच डोंगराचा खरा मित्र होय.

स्वाध्याय

१. औलीच्या उतारांवर ऋतूप्रमाणे कोणता फरक पडतो?
२. उन्हाळ्यात माहूरच्या डोंगरांची ठेवण का उघडी होते?
३. जाळरेषा कशासाठी तयार करतात?
४. तुमच्या गावाजवळच्या टेकडीचे पावसाळ्यातील व उन्हाळ्यातील रूप आठ-दहा ओळींत लिहा.