शरीराचा गंज

नांगराचा फाळ पावसात उघडा राहिला, तर त्याला गंज चढतो. हवेतला प्राणवायू आणि पाणी मिळून लोखंड खातात. म्हणून आपण फाळाला तेल लावून ठेवतो.

आपल्या शरीरातही काहीसे असेच घडते. श्वासाबरोबर प्राणवायू आत जातो. त्याच्या मदतीने अन्न जळते आणि अंगात शक्ती येते. पण चूल पेटली की ठिणग्या उडायच्याच. शरीरातल्या ठिणग्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या फार झाल्या, तर शरीराला आतून इजा करतात. विडीच्या धुराने त्या आणखी वाढतात.

या ठिणग्या विझवायला शरीराजवळ राखणदार आहेत. काही राखणदार शरीर स्वतः बनवते. त्यासाठी डाळी-धान्यातले जस्त आणि तांबे लागते. बाकीचे आपल्या ताटातून येतात. आवळा, पेरू, लिंबू, शेवग्याचा पाला यांत क जीवनसत्त्व असते. शेंगदाण्यात आणि करडईच्या तेलात ई जीवनसत्त्व असते. गाजर व पिकलेली पपई यांचा केशरी रंगही राखण करतो. पालेभाजीतही तो असतो. हिरव्या रंगाखाली झाकलेला असतो.

हे करून पाहू. एक वांगे चिरा. अर्ध्या फोडींना लिंबू चोळा. थोड्या वेळाने कोणत्या फोडी काळ्या पडल्या, ते पाहा.

कुणी म्हणेल, "मग गोळीच घेऊ की!" फिनलंड देशात सिगारेट ओढणाऱ्या सुमारे २९,००० पुरुषांवर प्रयोग झाला. त्यांतल्या काहींना गाजरातला केशरी पदार्थ गोळी करून रोज दिला. १९९४ साली निकाल कळला. त्या गोळीने फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, उलट वाढला. तेव्हा मनाने गोळ्या घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र चुकवू नये.

क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि फार शिजवले तर नासते. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी. शिजवलेले पाणी फेकू नये, आमटीत घालावे.

परसातले पेरू आपण बाजारात नेतो. खुशाल न्यावेत. पण घरच्यांपुरते आधी बाजूला ठेवावेत. आणि घरातली बाई सर्वांच्या मागून जेवते. तिच्या ताटात भाजी उरली आहे ना, हे रोज पाहू या.