खाडीकांठचा पाठ



परिस्थितीशीं जुळतें शरीर व जुळती राहणी यांस अनुकूलन म्हणतात, ही व्याख्या पुष्कळांस मुखोद्गत असते. तिचा अर्थ डोळ्यांनीं पाहावयाचा असेल तर मात्र पुस्तक मिटून खाडीकांठीं गेलें पाहिजे. आपल्या कोंकणांत खाड्यांना तोटा नाहीं. ओहोटीची वेळ आधीं विचारून घ्यावी, बरोबर वडील मंडळी असावीं, व भरती लागण्यापूर्वीं परतावें.

प्रथम तिवराखालीं पाहा. चिखलांतून पेन्सिलीसारखे शेंकडों कोंब वर आलेले दिसतील. तीं रोपें नव्हत. तीं तिवराचीं श्वसनमुळें होत. खाडीच्या चिखलांत हवा फारशी शिरत नाहीं. सर्व मुळें आंत गाडलेलींच राहिलीं तर गुदमरतील. वर आलेलीं हीं मुळें ओहोटीच्या वेळीं सूक्ष्म छिद्रांवाटे हवा घेतात. दोरीनें हातभर लांबीरुंदीचा चौकोन आंखून त्यांतील मुळें मोजावीं. मग दुसऱ्या जागीं तसेंच करावें. दोन्ही आंकडे वहींत टिपून, फरक कां पडला याचा विचार करावा.

आतां तिवराचें पान भिंगांतून न्याहाळा. कोरड्या दिवशीं त्यावर मिठाचे कण चमकतात. अंगांत शिरलेलें जास्तीचें मीठ हें झाड पानांवरील ग्रंथींवाटे बाहेर टाकतें. शेजारच्या कांदळाची रीत निराळी. तो बहुतेक मीठ मुळांशींच अडवितो. अडचण एक, उपाय दोन! कांदळाचें बीज तर झाडावर असतांनाच रुजतें, आणि शेंगेसारखें लांब रोप चिखलांत पडतें किंवा पाण्यावर तरंगत दूर जातें.

येथें एक सावधगिरी बाळगावी. झाडानें विचार करून मूळ वर काढलें, असें समजूं नये. एकाच जातीच्या झाडांत उपजत थोडथोडे भेद असतात. ज्यांचे भेद त्या जागेस उपयोगी पडले तीं अधिक जगलीं, त्यांचीच संतति वाढली, आणि असें असंख्य पिढ्या चाललें. हेंच नैसर्गिक निवडीचें तत्त्व चार्ल्स डार्विन यांनीं १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें.

पालकांस विनंति कीं, मूल चिखलानें माखून आलें तर रागावण्यापूर्वीं त्यानें काय पाहिलें तें विचारावें. खारफुटीची जागा निरुपयोगी मानून तींत भराव घालण्याचे प्रकार पुष्कळ झाले. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं राज्यांतील खारफुटीच्या तोडीस बंदी केली. परंतु ज्यानें तिवराचीं मुळें स्वतः मोजलीं, त्यास तें झाड राखण्यास निराळें सांगावें लागत नाहीं.

पुढील प्रश्नांचीं उत्तरें प्रत्यक्ष पाहून लिहावीं :

१. निवटी हा मासा चिखलावर कशाच्या जोरावर सरकतो?
२. कांदळाचीं कमानदार मुळें कोठून फुटतात? त्यांचा उपयोग काय?
३. भरतीचें पाणी तिवराच्या श्वसनमुळांवर किती वेळ राहतें?