अलेक्झांड्रियाची एक दिवसाची सहल

नकाशात आफ्रिका खंडाच्या वरच्या अंगाला इजिप्त देश आहे. त्याच्या उत्तरेला भूमध्य समुद्र. नाईल नदी या समुद्राला मिळते, तिथून थोडं पश्चिमेला अलेक्झांड्रिया हे बंदर आहे. सिकंदर राजाने हे शहर इ. स. पू. ३३१ मध्ये वसवले. म्हणजे तेवीसशेहून जास्त वर्षं झाली. रस्त्यांच्या रेघा आखायला पांढरी पूड पुरली नाही, म्हणून सातूचं पीठ टाकलं आणि पाखरांचा थवा येऊन ते सगळं पीठ खाऊन गेला, अशी गोष्ट सांगतात. राजाला तो अपशकुन वाटला. पण ज्योतिषी म्हणाले, भिऊ नका, या शहरात पुष्कळ देशांच्या लोकांचं पोट भरेल.

माझा मामा मालबोटीवर नोकरीला आहे. त्याची बोट तिथे लागली होती, तेव्हा त्याला एक दिवस सुट्टी मिळाली. चौघांनी मिळून गाडी केली आणि माहिती सांगायला एक गाईड बाई घेतल्या. मामाने पाहिलेलं मला सांगितलं, राहिलेली माहिती गुरुजींनी पुस्तकांतून काढून दिली, आणि मी लिहिलं. पिरॅमिड यात नाहीत. ते कैरो शहराजवळ आहेत, रस्त्याने दोनशे किलोमीटरहून लांब. हे आधीच सांगतो, कारण मला सगळे तेच विचारतात.

सकाळी ते कोम अल शुकाफा इथे गेले. ही जमिनीखाली खडकात कोरलेली थडगी आहेत. अठराशेहून जास्त वर्षांपूर्वीची. सन १९०० मध्ये एका गाढवाचा पाय जमिनीत गेला, गाढव खाली पडलं आणि त्यामुळे हे सापडलं असं सांगतात. (आजी म्हणाली, गाढवाला काय बक्षीस दिलं? ते मामाला माहीत नव्हतं.) मधे विहिरीसारखा खोल खड्डा आहे आणि त्याच्याभोवती गोल फिरत ९९ पायऱ्या उतरतात. मेलेल्या माणसाला दोराने त्या खड्ड्यातून खाली सोडायचे आणि माणसं पायऱ्यांनी जायची. खाली एक जेवणाची खोलीसुद्धा आहे. नातेवाईक तिथे दगडी ओट्यावर बसून जेवायचे. जेवल्यावर भांडी घरी परत न्यायची नाहीत, तिथेच फोडून टाकायची. म्हणून त्या जागेचं नाव खापऱ्यांची टेकडी. कोम अल शुकाफा याचा अर्थ तोच आहे. आपल्याकडे पण मडकं फोडतात, ते मला आठवलं.

आत भिंतीवर अनुबिस नावाचा देव कोरला आहे. त्याचं तोंड कोल्ह्याचं, पण अंगात रोमन शिपायाचे कपडे! मामाला हसू आलं. गाईड बाई म्हणाल्या, हसू नका, तेव्हा या गावात इजिप्तचे, ग्रीक आणि रोमन असे सगळे एकत्र राहत होते, मग देवाने तरी काय करावं.

तिथून जवळच एक मोठा खांब आहे. तो जवळजवळ २७ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या शाळेमागच्या नारळापेक्षा उंच. त्याचा मधला भाग लाल दगडाचा आणि एकसंध आहे. हा दगड आस्वानहून नाईल नदीतून आणला. लोक त्याला पॉम्पीचा खांब म्हणतात. पण पॉम्पी या सरदाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो डायोक्लेशियन बादशहासाठी सुमारे १७०० वर्षांपूर्वी उभा केला. नाव चुकीचं पडलं ते पडलंच.

मला सगळ्यात आवडलं ते कोम अल दिक्का. तिथे १९६० साली उकरायला लागले तेव्हा संगमरवरी पायऱ्यांचं अर्धगोल नाट्यगृह निघालं. त्याच्या शेजारी वीसहून जास्त वर्ग निघाले. वर्ग म्हणजे खरोखरचे वर्ग! साधारण १५०० वर्षांपूर्वीचे. तीन बाजूंनी भिंतीला लागून दगडी बाकं आणि एका टोकाला पायऱ्या चढून जायचं गुरुजींचं उंच आसन. मधे एक लहान दगड आहे, बहुतेक मुलांना त्याच्यापाशी उभं राहून बोलावं लागत असेल. म्हणजे तेव्हापण पाठांतर चुकत नव्हतं. त्या बाकांना पाठ टेकायला काही नाही, आणि पुढे टेबल नाही.

मधे जेवण झालं. मासे होते. ते लिहीत नाही.

दुपारी समुद्रावरचा कायतबे किल्ला पाहिला. ही जागा आधी फारोस नावाचं बेट होती. मग जमिनीपासून बेटापर्यंत बांध घातला, त्याच्या दोन्ही बाजूंना गाळ साचला आणि बेट गावाला जोडलं गेलं. या बेटावर इ. स. पू. २८० च्या सुमारास दीपगृह बांधून झालं. खाली चौकोनी, मधे अष्टकोनी, वर गोल असे तीन मजले आणि उंची शंभर मीटरहून जास्त. चार नारळ एकावर एक! वर जाळ पेटवायचे. ते जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. फ्रेंच भाषेत दीपगृहाला अजून फार म्हणतात, ते फारोसवरूनच. पुढे भूकंप झाले. १३०३ च्या भूकंपाने फार नुकसान झालं, आणि शेवटी कायतबे सुलतानाने १४७७ मध्ये त्याच जागी किल्ला बांधायला घेतला, पडलेले दगड वापरून. बाकीचे दगड समुद्रात आहेत. १९९४ पासून पाणबुडे ते शोधत आहेत आणि २०२५ मध्ये त्यांतले २२ मोठे दगड वर काढले.

पालकांनी हे पण वाचावं. त्या काळी आपल्या कल्याण आणि सोपारा बंदरांतूनही माल तांबड्या समुद्रात जायचा. तिथून उंटावरून नाईल नदीपर्यंत आणि नदीतून अलेक्झांड्रियाला. कल्याण आणि सोपारा यांची नावं एका ग्रीक व्यापाऱ्याच्या १९०० हून जास्त वर्षं जुन्या पुस्तकात आहेत.

शेवटी वाचनालय. जुन्या अलेक्झांड्रियात फार मोठं वाचनालय होतं. बोट बंदरात लागली की राजाची माणसं बोटीवर चढायची आणि सापडतील ती पुस्तकं घेऊन जायची. त्यांची हाताने नक्कल करायची. मग मूळ पुस्तक वाचनालयात ठेवायचे आणि मालकाला नक्कल द्यायचे! हे मला पटलं नाही. मामा म्हणाला, माझ्या पेटीतलं पण नेलं असतं. पण गुरुजी म्हणाले, अशाने एवढी पुस्तकं जमली म्हणून एराटोस्थेनिससारखे विद्वान तिथे काम करू शकले. तो वाचनालयाचा प्रमुख होता. त्याला कळलं की आस्वानला २१ जूनच्या सुमारास भर दुपारी विहिरीच्या तळाशी ऊन पडतं, सावली नसते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात काठीची सावली पडते. त्या सावलीचा कोन त्याने मोजला. तो वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. म्हणून दोन गावांतल्या अंतराला पन्नासाने गुणलं आणि पृथ्वीचा घेर काढला. काठी आणि सावली, बस्स.

ते वाचनालय आता नाही. मला वाटायचं एका दिवसात जळलं. तसं नाही. इ. स. पू. ४८ मध्ये ज्युलियस सीझरच्या लढाईत आग लागली, तेव्हा पुस्तकं जळाली असं म्हणतात, पण त्याच्या आधी आणि नंतरही हळूहळू नाश होत गेला. राजांनी लक्ष दिलं नाही, विद्वानांना हाकललं, नव्या नकला झाल्या नाहीत. लव्हाळ्यासारख्या पपायरस झाडाच्या कागदावरची पुस्तकं, नक्कल नाही केली तर आपोआपच संपतात.

२००२ साली तिथेच समुद्राकाठी नवं वाचनालय उघडलं. ते उगवत्या सूर्यासारखं तिरकं आणि गोल आहे. बाहेरच्या दगडी भिंतीवर जगातल्या १२० लिप्यांची अक्षरं कोरली आहेत. मामा आपला अ शोधत भिंतीच्या कडेने खूप चालला, पण भिंत फार मोठी.

जानेवारी २०११ मध्ये त्या देशात मोठं आंदोलन झालं. रस्त्यावर जाळपोळ चालली होती. तेव्हा कॉलेजची मुलंमुली आणि गावातली माणसं एकमेकांचे हात धरून वाचनालयाभोवती साखळी करून उभी राहिली. वाचनालयाला धक्का लागला नाही.

इयत्ता ४ थी